प्रेसवर भावाची बोटं गेली, केसपेपरवर मात्र 'कडबाकुट्टी' लिवलंय – फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं जावं का?

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिवालोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका प्रेस शॉपला (मशीननं पत्रा साच्यात दाबून पार्ट काढतात तिथं) मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंबी कामाला हाय. मी तपासणी आणि पॅकिंगला, भाऊ प्रेसवर, वय २५, पगार १५ हजार. नऊ दिवसांमागं सेकंड शिफ्टला त्याच्या उजव्या हाताचं पहिलं (अंगठ्याजवळचं) बोट दोन पेरं आणि मधलं बोट एक पेर असं गेलं.

झालं असं की जॉब (तयार होणारा पार्ट) डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला म्हणून त्यानं काढायला हात घातला. पायडलवर पाय नव्हता असं तो शपथेवर सांगतोय आणि मलाबी पटतंय, कारण त्याच प्रेसनं पंधरा दिवसांमागं पण आपोआप दुसरा स्ट्रोक मारलेला. तवा सुपरवायझरला सांगितलं तर स्प्रिंगला तार गुंडाळून दिली आणि चालू करा म्हटले. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावायचं कवच, आहे, नाही असं नाही. कॉम्प्रेसरच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलाय, दिवाळीत नवीन डाय आली तिला तो बसंना म्हणून काढला तो परत लागलाच नाही. आम्ही सगळी त्याच्यावर घामाचे शर्ट वाळत घालतो.

मालक माणूस वाईट नाही हे पण सांगतो. स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं, रात्री दोनपर्यंत बसून होता, बिल त्यानंच भरलं. फक्त गाडीतच भावाला म्हणाला की घरी कडबाकुट्टीत बोटं सापडली म्हणून सांग, नाहीतर पोलिसांची लफडी होतील आणि कारखान्याला कुलूप लागंल. भाऊ शुद्धीत कुठला, हो म्हणाला. आता केसपेपरवर तेच लिवलंय. गंमत बघा, आमच्याकडं कडबाकुट्टी तर नाहीच, म्हैस पण विकून तीन वर्षं झाली.

आता मालक म्हणतोय ५० हजार देतो, बरं झाल्यावर स्टोअरला हलकं काम देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर सही द्या की आमची काय तक्रार नाही. आणि जरा आवाज चढवला की सुपरवायझर म्हणतोय गार्ड तुझ्या भावानंच काढलेला. आम्ही दोघं ठेकेदाराच्या नावावर हाय. ईएसआय (सरकारी कामगार विमा) पगारातनं कापत नाहीत. हजेरी पुस्तकात १७ नावं, जेवायच्या सुट्टीत मोजली तर ३४ माणसं.

फॅक्टरी इन्स्पेक्टरकडं जावं का? गेलो तर माझीबी नोकरी जाईल का? आई म्हणते गेलेली बोटं काय परत येणार नाहीत, आहे ते पदरात घ्या. डोकं चालंना झालंय.

नादखुळा_९

भावा आधी एक काम कर, त्या स्टॅम्पवर सही करू नको. दुसऱ्या कशावर पण करू नको. कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. बाकी जाणकार सांगतील.

सेटर_आण्णा

लेका, ३१ वर्षं सेटर (प्रेसवर डाय बसवणारा) म्हणून काढली, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव सगळीकडं हात काळे केलेत. माझ्या डाव्या हाताची करंगळी १९९४ ला गेली तीबी प्रेसवरच. तवा मलाबी मालकानं 'दारात सापडली म्हण' सांगितलेलं आणि मी म्हटलेलं. म्हणून सांगतोय नीट वाच.

तुझा भाऊ खोटं बोलत नाही. ही जुनी प्रेस असणार, 'की' क्लचची, पिन क्लच पण म्हणतात ('की' म्हणजे फिरतं जड चाक, फ्लायव्हील, शाफ्टला जोडणारी खिट्टी). तिची खोड अशी की एकदा ती 'की' आत गेली की फ्लायव्हील शाफ्टला धरतंय आणि पूर्ण फेरा मारल्याशिवाय पंच थांबत नाही. मध्येच कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. आणि की झिजली, नाहीतर तिची स्प्रिंग ढिली झाली, की पायडल सोडलं तरी की बाहेर येत नाही आणि दुसरा स्ट्रोक पडतोय. आम्ही त्याला डबल मारणं म्हणतो. डबल मारणारी प्रेस बंद करून की आणि स्प्रिंग बदलायची असते, काम तासा दोन तासाचं. तारेनं बांधणं म्हणजे साप पिशवीत घालून पिशवी उशाला घेण्यातला प्रकार.

आणि कोण सांगत असंल की सेन्सर लावू, लाइट कर्टन लावू, तर की क्लचच्या प्रेसला त्याचा काडीचा उपयोग नाही. सेन्सर हात बघून सिग्नल देईल, पण प्रेस थांबायला पाहिजे ना मर्दा? ते फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेल्या प्रेसला चालतंय. दोन हाताची बटणं पण तशीच, डबल मारणाऱ्या प्रेसवर हात बटणावरनं निघून डायमध्ये गेल्यावर दुसरा स्ट्रोक आला तर बटण काय करणार. अशा प्रेसला इलाज एकच, पक्का बोल्ट मारलेला गार्ड, ज्याच्यातनं पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. आणि अडकलेला जॉब चिमट्यानं काढायचा, हातानं नाही. चिमटा दिलावता का रे तुम्हाला?

आता कामाचं. तो तार गुंडाळलेला स्प्रिंग अजून तसाच असंल तर त्याचा फोटो काढून ठेव. भिंतीला टेकवलेल्या गार्डाचा पण, शर्टासकट. आज उद्याच्यात काढ, कारण एकदा का कुणाला कुणकुण लागली की रातोरात स्प्रिंग नवी होते आणि गार्ड बसतो.

उद्यमनगरी

मी स्वतः छोटा कारखानदार आहे, ११ माणसं, तीन प्रेस. दुसरी बाजू पण कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय, शिव्या घाला हवं तर.

सगळे मालक राक्षस नसतात. मोठी कंपनी आम्हाला जॉबवर्क देते तेव्हा नगाला पैशात रेट ठरतो, गेल्या वेळी माझ्याकडं एका नगाचे ४२ पैसे ठरले आणि त्यात दोन पैसे कमी करा म्हणून महिनाभर फोन. गार्ड लावला की हात आखडतो, तासाचे नग कमी पडतात आणि कामगारच कुरकुर करतात कारण त्यांना नगावर इन्सेन्टिव्ह असतो. माझ्याच शॉपला मी दोन हाताची बटणं बसवली, आठवड्यात बघतोय तर एका पोरानं डाव्या बटणावर काडी खोचून वरनं चिकटपट्टी मारलेली आणि एका हातानं काम चालू. काय करायचं सांगा. आणि इन्स्पेक्टर आला की त्याला प्रेस दिसतच नाही, रजिस्टर दिसतं. रंग कधी मारला, पाण्याची टाकी कधी धुतली.

तुमच्या मालकानं खर्च केला, रात्रभर थांबला हे तुम्हीच लिहिलंय. बसून बोलून ५० चे दीड लाख करून घ्या आणि मिटवा असं माझं मत. कोर्टकचेरीत आयुष्य जातं.

सेटर_आण्णा

उद्यमनगरीसाहेब, काडी खोचली हे खरं असंल, मीबी बघितलीय. पण मग अँटी टाय-डाऊन सर्किट का नाही घातलं, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडली तरच पुढचा स्ट्रोक, काडी खोचून बघा की मग. इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसाचं काम हाय. पोराला नगावर पैसे द्यायचे आणि काडी खोचली म्हणून पोराला धरायचं, हे काय पटत नाही बघा.

कायद्याचं_बोला

मी वकील नाही, सेफ्टी ऑफिसर म्हणून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करतो. लांब होईल पण दम धरून वाचा.

पहिली गोष्ट, तुमचा विषय 'तक्रार करावी का' हा नंतरचा. आधीचा विषय तो केसपेपर आहे. पुढं ईएसआय असो, कामगार न्यायालय असो, इन्स्पेक्टर असो, सगळे आधी दवाखान्याचा पहिला कागद मागतात, जखम कशी झाली म्हणून काय लिहिलंय ते. तिथं कडबाकुट्टी असेल तर तो अपघात कामावर झालाच नाही असं मालकाचा वकील दहा मिनिटांत सांगेल. तेव्हा भावाला घेऊन डॉक्टरकडं जा, शांतपणे सांगा की त्या वेळी दुसऱ्यानं सांगितलं ते लिहिलं गेलं, खरं असं आहे. जुनं खोडायला सांगू नका, खोडलेला कागद जास्त वाईट दिसतो. तारीख वेळ घालून खाली नवीन नोंद करायची, भावाची सही. ऐकलं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलिसात जबाब झाला नसेल तर तोही द्या.

दुसरं, ठेकेदाराचा बाऊ करू नका. ठेक्यावरचा माणूस असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, आणि माणसं मोजताना ठेक्यावरची पण धरतात. ३४ म्हणजे तुम्ही फॅक्टरीच्या कायद्यात बसता. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला २० कामगारांची मर्यादा आहे, पूर्वी १० होती. हजेरी पुस्तकात १७ का, ते आता कळलं असेल. (उद्यमनगरीसाहेब, तुमची ११ माणसं फॅक्टरीच्या व्याख्येत बसत नाहीत, पण ईएसआय १० लाच लागतो, बघून घ्या.)

तिसरं, पैसे. याला दोन वाटा आहेत आणि दोन्हीकडं एकदम मागता येत नाही. पगार २१ हजाराच्या आत आणि कामगार १० च्या वर, म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये यायलाच हवे होता. मालकानं कापलं नाही, भरलं नाही, ही त्याची चूक, तुमची नाही. कामावरच्या इजेला अमुक महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशी अटच नसते, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे, आणि पैसे ईएसआयनं द्यायचे आणि मालकाकडून वसूल करायचे असा कायदा आहे. मालकानं अपघाताची खबर दिली नसेल तर कामगार स्वतः शाखा कार्यालयात देऊ शकतो. बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे, आणि नंतर मेडिकल बोर्ड जेवढं टक्के अपंगत्व ठरवेल त्या प्रमाणात महिन्याला पेन्शन, मरेपर्यंत.

बोटांचे टक्के कायद्याच्या तक्त्यातच छापलेत. पहिल्या बोटाची दोन पेरं ११ टक्के, मधल्याचं एक पेर ७ टक्के. झाले १८. रोज ५०० रुपये पगार धरला तर त्याचे ९० टक्के ४५०, त्याचे १८ टक्के ८१ रुपये रोज. महिन्याला २४३० च्या आसपास. थोडे वाटतील, पण वय २५ आहे हे लक्षात घ्या.

ईएसआय लागूच नाही असं ठरलं तर नुकसानभरपाईचा रस्ता, १९२३ चा कायदा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण गणित तेच आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९०००, गुणिले २५ वर्षे वयाचा आकडा २१६.९१, त्याचे १८ टक्के. कॅल्क्युलेटर घेऊन बघा, ३ लाख ५१ हजार येतात. दवाखान्याचा खर्च वेगळा. अपघातापासून दोन वर्षांत अर्ज करायचा. आता ५० हजाराचं काय ते तुम्हीच ठरवा. आणि ती स्टॅम्पवरची सही तुम्ही दिली असती तरी हक्क सोडल्याचा करार कायद्यानं रद्दबातलच धरतात, तरी देऊ नका, उगाच त्यांच्या हातात कागद कशाला.

चौथं, आणि हे सगळ्यात जपून. सुपरवायझर 'गार्ड यानंच काढला' असं उगाच म्हणत नाही. भरपाईच्या कायद्यात मालकाला जी दोन तीन पळवाटं आहेत त्यातली ती एक आहे: दारू पिलेला असणं, मुद्दाम नियम मोडणं, आणि गार्ड मुद्दाम काढणं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती चालत नाही, पण दोन बोटांना चालवायचा प्रयत्न होतो. म्हणून आण्णा म्हणतात तो फोटो महत्त्वाचा. गार्ड दिवाळीपासून काढलाय, सगळ्यांना माहीत होतं, सुपरवायझर रोज समोरून जात होता, एवढं दिसलं की ती पळवाट बुजते. जुन्या मोबाईलमध्ये कुणाचा वाढदिवसाचा, खंडेनवमीच्या पूजेचा फोटो असेल तर शोधा, मागं प्रेस दिसत असते. पूजेला प्रेसला हार घातलेला असतो आणि गार्ड आहे की नाही ते लख्ख दिसतं, तारखेसकट.

पाचवं, इन्स्पेक्टर. आपल्याकडं हे खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, सगळे 'डिश' म्हणतात. ४८ तास किंवा त्याहून जास्त काम बंद पडेल अशी इजा झाली तर मालकानं खबर द्यायलाच लागते, ती दिली नाही हाच एक गुन्हा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सुरक्षेच्या संहितेत गंभीर इजेला वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातले निदान निम्मे पैसे जखमी माणसाला द्यायला कोर्ट सांगू शकतं. जुन्या १९४८ च्या कायद्यात गंभीर इजेला कमीत कमी दंड ५ हजार होता, आणि तो जायचा सरकारात. एवढा फरक पडलाय.

नाव गुप्त ठेवायचं तर जुन्या कायद्यात ११८-ए कलम त्याच्यासाठीच होतं, तक्रार कुणी केली हे तर नाहीच, तपासणी तक्रारीवरून आहे हे पण मालकाला सांगायचं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ नंबरचा करार आहे, भारतानं १९४९ ला मान्य केलाय, त्यातही हेच. पण खरं सांगू का, ३४ माणसांच्या शॉपला बोटं कुणाची गेली हे माहीत असताना तक्रार कुणी केली हे काय लपणार आहे. म्हणून तुमच्या केसला निनावी जाऊ नका. भावाच्या नावानं, सहीनं, 'माझा अपघात झाला, खबर दिली गेली नाही' असा सरळ अर्ज द्या. तुम्ही त्यात कुठंच नको.

शिरोली_नाका

साहेब हात जोडून आभार. चार वेळा वाचलं. आण्णा, चिमटा आहे पण तो सुपरवायझरच्या कपाटात, नग मोजायला येणारा माणूस चिमटा बघितला की म्हणायचा एवढ्या वेळात दोन नग झाले असते.

खंडेनवमीचा फोटो खरंच सापडला!! माझ्याच मोबाईलमध्ये. प्रेसला झेंडूचा हार, भाऊ नारळ घेऊन उभा, आणि गार्ड बसलेला दिसतोय. म्हणजे दसऱ्याला होता. मग दिवाळीनंतरचा एक व्हिडिओ पॅकिंगच्या रवीनं काढलेला त्याच्यात नाही. हे चांगलं की वाईट?

कायद्याचं_बोला

चांगलं. गार्ड होता, नवी डाय आल्यावर काढला, परत लावला नाही, हेच तुम्ही सांगताय, फोटो तेच सांगतोय. आता नवी डाय कोणत्या तारखेला आली ते डिलिव्हरी चलनावर असेल. ते मागायला जाऊ नका, फक्त अर्जात लिहा, बघायचं काम इन्स्पेक्टरचं.

पाचगावकर

मी या वाटेनं गेलोय म्हणून लिहितोय, गोड चित्र रंगवणार नाही.

माझ्या मेव्हण्याचा हात सात वर्षांपूर्वी रोलरमध्ये गेला, मनगटापासनं. आम्ही तक्रार दिली. साहेब आले, फोटो काढले, जबाब घेतले, सगळं व्यवस्थित. मग खटला. आता या खटल्याची एक गंमत, इन्स्पेक्टरला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत कोर्टात दाखल करावा लागायचा, नाहीतर बाद. आमचा वेळेत दाखल झाला एवढं नशीब. पुढं तारखा. मालकानं शेवटी गुन्हा कबूल केला, दंड भरला, दंडाची रक्कम ऐकून मेव्हणा हसायला लागला, म्हणाला एवढ्यात तर मालकाच्या पोरीच्या लग्नातला आइस्क्रीमचा स्टॉल येत नाही.

पण ईएसआयचं पेन्शन मात्र आलं. दर महिन्याला येतंय. त्याच्यासाठी मी तीन वर्षं मोटारसायकल झिजवली, बोर्डापुढं त्याला उभं केलं, एकदा टक्के कमी लावले म्हणून अपील केलं. आज त्या पैशावर घरात गॅस आणि पोराची फी निघते. म्हणून माझं सांगणं एवढंच की मालकाला शिक्षा व्हावी म्हणून धडपडायचं असेल तर धडपडा, पण आधी पैशाचा कागद लावा, रागाचा कागद नंतर. आम्ही उलटं केलं आणि एक वर्ष वाया गेलं.

आणखी एक. अपघात झाल्यावर दुसऱ्या दिवशी ठेकेदार गुपचूप ईएसआयमध्ये नाव घालतात, 'कालच कामावर घेतला' असं दाखवून. नोकरीला लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी करायची सवलत असते त्याचा फायदा. तुमच्या भावाच्या नावावर असं काय झालंय का बघा, नंबर निघाला असेल तर घ्या, सोडू नका, फक्त कामाला लागल्याची तारीख खोटी असेल तर लगेच लेखी कळवा. पगार बँकेत येतो का रोख?

शिरोली_नाका

रोख. पाकिटातनं. पण पाकिटावर पेननं नाव, दिवस आणि ओव्हरटाइम लिवलेला असतोय आणि आई कधीच पाकीट टाकत नाही, त्यात ती देवाची सुपारी न् काय काय ठेवते. चौदा पाकिटं निघाली.

पाचगावकर

आईला साष्टांग नमस्कार सांगा. ती चौदा पाकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, मूळ कुणालाच द्यायची नाहीत, झेरॉक्सच द्या.

कोअरशॉप_ताई

तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. विषय थोडा वेगळा आहे पण राहवत नाही. बोटं गेली की निदान दिसतं तरी. माझे वडील फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव पार्ट घासून साफ करायला) २२ वर्षं, ग्राइंडर मारायचे. घरी आले की आधी मोरीत नाक शिंकरायचे, काळं पाणी जायचं, आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांचं असं असतं. मास्क म्हणून तोंडाला पंचा. मग खोकला. टीबी म्हणून सहा महिने गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं की काम काय करता, आणि एक्स-रे परत बघितला, म्हणाले ही वाळूची धूळ आहे, सिलिकोसिस. बरं होत नाही, आणि काम सोडलं तरी वाढत जातं.

सांगायचं हे की हा रोग कायद्यातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत आहे, डॉक्टरनं पण कळवायचा असतो, आणि भरपाईला पात्र आहे. आम्हाला हे कळलं तेव्हा वडिलांचा कारखाना बंद पडून चार वर्षं झालेली. कारखान्यात दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन व्हायचा, शपथ, बिल्ला, एक चहा आणि समोसा. तो बिल्ला अजून त्यांच्या शर्टाला आहे. नव्या संहितेत ठरावीक वयाच्या कामगारांना दरवर्षी फुकट आरोग्य तपासणी द्यायची म्हणे, तुमच्यापैकी कुणाची झाली का अजून? मी आता कोअर शॉपला (ओतकामासाठी वाळूचे गाभे करतात तिथं) आहे, वाळूतच, म्हणून विचारते.

सेटर_आण्णा

ताई, आमच्याकडं तपासणी म्हणजे एक गाडी येत होती, वजन, बीपी, सही. छातीचा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी झाली तरच ती तपासणी धरा. तुम्ही स्वतःहून एक एक्स-रे आत्ताच काढून ठेवा आणि डॉक्टरला 'वाळूत काम करते' हे न विचारता सांगा. पंचा बांधून वाळू अडत नाही, बारीक धूळ डोळ्याला दिसतच नाही ती सरळ आत जाते.

उद्यमनगरी

वरचं वाचलं. ईएसआयचं बघितलं मी, १० ची मर्यादा आहे हे मला माहीतच नव्हतं असं म्हणणार नाही, माहीत होतं. सोमवारी कन्सल्टंटकडं जातोय. आण्णा, ते अँटी टाय-डाऊनचं सर्किट तुम्ही करून देता का? किंवा कुणाचा नंबर मेसेज करा.

सेटर_आण्णा

करून देतो. पण आधी प्रेस की क्लचच्या असतील तर गार्ड, मग बटणं. नुसत्या बटणाला येणार नाही.

शिरोली_नाका

अपडेट देतो, बारा दिवस झाले लिवून.

डॉक्टरांकडं गेलो. आधी चिडले, म्हणाले आम्हाला खोटं सांगता आणि मग आमच्यावर येतं. मग भावाकडं बघून गप्प झाले आणि खाली नवीन नोंद केली, पॉवर प्रेस मशीनवर काम करताना, तारीख, वेळ, सही. कडबाकुट्टी वर तशीच आहे, तिच्या खाली प्रेस. ईएसआयला अर्ज दिला, पोच घेतली. पाकिटं बघून तिथला क्लार्क पण हसला. डिशला भावाच्या नावानं अर्ज दिला.

मालकाला कसं कळलं माहीत नाही पण दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलवून म्हणाला, मी रात्रभर बसलो होतो रे तुझ्या भावाजवळ. मला काय बोलावं कळंना. मी म्हटलं हो बसला होता. तेवढंच बोलून बाहेर आलो. कामावरनं काढलं नाही अजून तरी, पण पॅकिंगमधनं लोडिंगला टाकलंय.

काल साहेब येऊन गेले. चारी प्रेसला गार्ड बसलेत, पिवळे धमक. भावाच्या प्रेसवर आता दुसरा पोरगा हाय, बिहारचा, १९-२० चा असंल. आज जेवायच्या सुट्टीत जाऊन बघितलं तर गार्डाला पुढनं पट्टी घालायला जी फट ठेवलीय ती चांगली चार बोटं रुंद हाय, तो पोरगा तिच्यातनंच हात घालून जॉब काढालाय. आण्णा, फट किती पाहिजे असते?

सेटर_आण्णा

करंगळी जाता कामा नये. पट्टीची जाडी आणि वर दोन मिलिमीटर, बास. फोटो काढ आणि डिशला त्याच अर्जाच्या नंबरवर पाठव, आजच. आणि त्या पोराला चिमटा दे, कपाट उघडंना झालं तर मी शिरोली फाट्यावर आणून देतो, घरी दोन पडून हायत.